शार्कचे दात आणि केंडाचे विष

प्रश्न असा आहे: मोठा शिकारी शार्क आणि विषारी पफरफिश यांत जास्त धोकादायक कोण, समोरासमोर आले तर कोण जिंकेल, आणि शार्कने पफरफिश गिळला तर तो मरतो का? तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत. पहिल्याचे उत्तर तर तुम्ही पाण्यात उभे आहात की ताटासमोर बसला आहात, यावर अवलंबून आहे.

आधी नावांचा घोळ सोडवू. शार्कच्या 500 हून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक माणसाच्या वाटेलाही जात नाहीत. लहान शार्कना मराठीत मुशी किंवा मोरी म्हणतात. ते इथे बाजूला ठेवू. माणसाला गंभीर जखमा करणाऱ्या बहुतेक नोंदी तीन जातींच्या नावावर आहेत: ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल शार्क. पफरफिशला कोळी केंड म्हणतात. त्याच्या कुळात 190 च्या आसपास जाती आहेत. बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे गोड्या पाण्यातले केंडही त्यात आले आणि मीटरभर लांबीचे सागरी केंडही आले. अंगभर लांब काटे असलेला, फुगला की काट्यांचा चेंडू दिसणारा मासा मात्र केंड नव्हे. तो पॉर्क्युपाइन फिश, जवळच्याच पण वेगळ्या कुळातला. ‘पफरफिश’ म्हणून फिरणारी बरीच छायाचित्रे त्याचीच असतात आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

दुसरा घोळ ‘विषारी’ या शब्दाचा. नागही विषारी आणि केंडही विषारी, असे आपण एकाच शब्दात म्हणून मोकळे होतो. नागाचे विष डसून, दातांवाटे अंगात जाते. केंडाकडे विष टोचण्याचे कोणतेही साधन नाही. त्याचे विष अवयवांत आणि काही जातींत कातडीत साठलेले असते आणि ते खाणाऱ्याला बाधते. त्यामुळे केंड चावला तर जखम होते, विषबाधा होत नाही. शार्कच्या दातांतही विष नसते.

आकाराची तुलना करण्यात अर्थ नाही, तरी आकडे हाताशी असावेत. ग्रेट व्हाइटची पूर्ण वाढलेली मादी साडेचार ते पाच मीटर असते, क्वचित सहा मीटरपर्यंत जाते, आणि वजन टनाच्या पुढे जाते. टायगर शार्क साधारण तीन ते चार मीटर, क्वचित पाच. बहुतेक सागरी केंड वीतभर ते हातभर. म्हणजे वजनात हजारपट फरक सहज पडतो.

खरी मजेची तुलना दातांची आहे. शार्कचे दात जबड्याच्या हाडात रुतलेले नसतात, कारण शार्कच्या अंगात हाडच नाही; सगळा सांगाडा कूर्चेचा. दात हिरडीच्या पट्ट्यावर बसतात. मागे नव्या दातांच्या रांगा तयार होत असतात आणि पुढचा दात पडला की मागचा सरकून त्याची जागा घेतो. लेमन शार्कमध्ये पुढच्या रांगेतला दात आठ-दहा दिवसांत बदललेला मोजला गेला आहे. म्हणून शार्क दात जपत नाही. हाडावर आपटून दात मोडला तरी त्याचे काही बिघडत नाही. ग्रेट व्हाइटचे वरचे दात रुंद, त्रिकोणी आणि करवतीसारख्या कडेचे. खालचे अरुंद, भक्ष्य धरून ठेवायला. वरचा जबडा कवटीला घट्ट जोडलेला नसल्याने चावताना तो पुढे सरकतो. मग डोके दोन्ही बाजूंना हलवले की करवत चालते. टायगर शार्कचा दात कोंबड्याच्या तुऱ्यासारखा वाकडा असतो, वर-खाली सारखाच. त्या आकारामुळेच तो समुद्री कासवाचे कवच कापू शकतो. साडेसहा मीटरच्या आसपासच्या ग्रेट व्हाइटचा चावा संगणकीय प्रतिकृतीवरून काढला तेव्हा तो सुमारे 18,000 न्यूटन, म्हणजे 1.8 टनांच्या भाराइतका निघाला. हा अंदाज आहे. इतक्या मोठ्या जिवंत माशाच्या तोंडात मापक ठेवून तो मोजलेला नाही.

केंडाने याच्या नेमकी उलटी वाट धरली. त्याच्या कुळाच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘चार दातांचे’ असा आहे. वर दोन, खाली दोन, आणि ते पोपटाच्या चोचीसारखे जोडलेले. ही चोच पडत नाही. आतून दंतद्रव्याचे थर एकावर एक चढत राहतात, आणि शंख, शिंपले, खेकडे फोडताना बाहेरून झिजत राहतात. वाढ आणि झीज यांचा मेळ बसला तर चोच नीट. मत्स्यालयात केंडाला केवळ मऊ खाद्य दिले तर ती झिजत नाही, वाढत जाऊन तोंड उघडेनासे होते आणि मासा भरल्या टाकीत उपाशी मरतो. कवचासकट गोगलगायी, शिंपले, खेकड्याचे पाय हे त्याला नियमित लागते. पिलाच्या आकाराप्रमाणे लहान कवचे द्यायची, मोठ्यांना जाड. चोच एकदा वाढून बसली की भूल देऊन ती कापावी लागते आणि ते जलचरांचे काम जाणणाऱ्या पशुवैद्याकडूनच करून घ्यावे.

या चोचीला कमी लेखू नका. गळ आणि दोरी ती कापते, जाळी फाडते. चंदेरी गालांचा मोठा केंड सुएझ कालव्यातून भूमध्य समुद्रात शिरला. 2003 मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर त्याची तिथली पहिली नोंद झाली. आता तिथे मच्छीमारांची जाळी तर जातातच, शिवाय पोहणाऱ्यांच्या बोटांची टोके तुटल्याच्याही वैद्यकीय नोंदी आहेत. जिवंत केंड गळावरून सोडवताना तोंडाजवळ बोट नेऊ नये. लांब पक्कड वापरावी, नाहीतर दोरीच कापावी.

पोहणे आणि इंद्रिये यांत सामना एकतर्फी आहे. ग्रेट व्हाइट पोहण्याच्या स्नायूंची उष्णता रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात राखून ठेवतो, त्यामुळे थंड पाण्यातही त्याचे स्नायू गरम राहतात आणि वेग मिळतो. शार्कच्या थूथनावरची जेलीने भरलेली छिद्रे सेंटिमीटरमागे व्होल्टच्या काही अब्जांश भागाइतका मंद विद्युतदाबही टिपतात. वाळूत पुरलेल्या माशाचे स्नायू हलले तरी त्याला कळते. (मैलभरावरून रक्ताचा थेंब हुंगण्याची गोष्ट मात्र सोडून द्या. वास पाण्याच्या प्रवाहाबरोबर जाईल तिथेच पोचतो.) केंड पाठीच्या, गुदाच्या आणि छातीच्या परांनी हळूहळू वल्हवत जातो. शेपटी तो घाईच्या वेळीच मारतो. पळून सुटणे त्याला जमणारे नाही.

म्हणून तो फुगतो. तोंडाच्या तळाचा भाता करून तो पाणी भराभर जठरात ढकलतो. जठराच्या दोन्ही टोकांचे स्नायू आवळले जातात आणि घड्या घातलेले जठर उलगडत जाते. शरीराचे आकारमान तिपटीच्या आसपास जाते. यासाठी त्याच्या शरीरातून बऱ्याच गोष्टी गेल्या आहेत: बरगड्या नाहीत, पोटाखालचे पर नाहीत, कमरेचे हाड नाही. जठरात पचनही होत नाही. ते आतड्यावर सोपवलेले आहे. थोडक्यात, पोट ही त्याची ढाल आहे. फुगलेला केंड श्वास रोखून धरतो असा समज होता. मोजमाप केल्यावर तो चुकीचा ठरला. एका लहान प्रवाळातल्या जातीत फुगलेल्या अवस्थेत प्राणवायूचा वापर विश्रांतीच्या पाचपट भरला आणि पूर्ववत व्हायला सरासरी साडेपाच तासांहून जास्त लागले. गंमत म्हणून, फोटोसाठी केंडाला डिवचून फुगवणे म्हणजे त्याला अर्धा दिवस दमवणे, आणि त्या अर्ध्या दिवसात खरा शिकारी आला तर तो दमलेलाच सापडणार.

याहून वाईट चूक म्हणजे त्याला जाळीने पाण्याबाहेर काढणे. बाहेर तो पाण्याऐवजी हवा गिळतो. पुन्हा सोडल्यावर उलटा तरंगत राहतो, कारण हवा सहज बाहेर निघत नाही. म्हणून केंड हलवायचा तर भांडे पाण्यात बुडवून, पाण्यासकट हलवावा. हवा गेलीच असेल तर त्याला पाण्याखाली सैल धरून डोके वर, शेपूट खाली ठेवावे आणि बुडबुडे निघेपर्यंत थांबावे. पोट दाबू नये.

मोठ्या शार्कचेही बाहेर असेच हाल होतात, कारण वेगळे. ग्रेट व्हाइटला कल्ल्यांवरून पाणी वाहते ठेवण्यासाठी सतत पोहावे लागते, आणि अवयवांना सांभाळणारा छातीचा पिंजरा नसल्याने बाहेर काढल्यावर स्वतःच्याच वजनाखाली ते दबतात. ‘सोडून दिला, पोहत गेला’ एवढ्यावरून तो वाचला असे मानू नये.

आता विष. ते टेट्रोडोटॉक्सिन. योशिझुमी ताहारा या जपानी संशोधकाने 1909 मध्ये त्याला हे नाव दिले. त्याची रचना 1964 मध्ये उलगडली आणि ते शरीरात नेमके काय करते तेही त्याच वर्षी दाखवले गेले. चेतापेशीच्या पडद्यात सोडियम आत सोडणारी दारे असतात. संदेश पुढे जायचा तो या दारांच्या उघडझापेने. विषाचा रेणू दाराच्या बाहेरच्या तोंडात बूच बसावे तसा बसतो. मज्जातंतू शाबूत असतो, स्नायू शाबूत असतो, पण आज्ञा पोचत नाही. हृदयातली सोडियमची दारे थोड्या वेगळ्या घडणीची आणि या विषाला बरीच दाद न देणारी असतात, म्हणून हृदय चालत राहते. मृत्यू येतो तो श्वासाचे स्नायू थांबल्याने.

माणसासाठी घातक मात्रा एक ते दोन मिलिग्रॅम धरली जाते, टाचणीच्या डोक्यावर मावेल इतकी. शिजवून, तळून, गोठवून, वाळवून हे विष जात नाही. सर्वांत जास्त ते अंडाशयात आणि यकृतात असते, त्याखालोखाल आतड्यात आणि कातडीत. विणीच्या काळात माद्या अधिक घातक. ‘मांस सुरक्षित, आतले अवयव काढले की झाले’ हा सल्ला दोन कारणांनी फसतो. काही जातींचे मांसही विषारी असते आणि त्या दिसायला बिनविषारी जातींसारख्याच असतात. शिवाय साफ करताना अंडाशय किंवा आतडे फुटले, किंवा मासा बराच वेळ तसाच पडून राहिला, तर विष मांसात उतरते. गोड्या पाण्यातल्या काही केंडांत तर टेट्रोडोटॉक्सिनऐवजी सॅक्सिटॉक्सिन सापडते. परिणाम जवळजवळ तोच.

हे विष केंड स्वतः बनवत नाही. ते मूळ जिवाणूंचे, आणि अन्नसाखळीतून शंख, तारामासे, चपटे कृमी असे करत त्याच्यापर्यंत येते. बंदिस्त जागी, विषमुक्त खाद्यावर वाढवलेले केंड विषारी होत नाहीत. निळ्या कड्यांचा ऑक्टोपस आणि काही पाणसरडे यांच्यातही हेच विष असते. केंड स्वतः का मरत नाही, तर त्याच्या सोडियमच्या दारात बूच जिथे बसायचे तिथलेच अमिनो आम्ल बदललेले आहे. शिवाय रक्तात या विषाला बांधून ठेवणारे प्रथिनही असते.

इथे एक प्रश्न बहुतेक लोक विचारतच नाहीत. खाणारा मेला तरी केंडही मेलेलाच असतो, मग त्या विषाचा त्या माशाला उपयोग काय? उत्तर चवीत आहे. माणसाला या विषाची चव लागत नाही, पण ट्राउटसारख्या माशांच्या रसनेंद्रियांना ते अत्यल्प प्रमाणातही जाणवते असे प्रयोगात दिसले आहे. केंडाची मादी पिलांना विष अंड्यातूनच देते. ते पिलांच्या कातडीवर असते आणि शिकारी मासे अशी पिले तोंडात घेऊन लगेच थुंकून टाकतात. म्हणजे समुद्रात हे विष मारण्यापेक्षा थुंकायला लावण्याचे काम जास्त करते. माणसाकडे ती जीभ नाही, म्हणून तो मरतो.

त्या हिशेबाने शार्क आणि केंड समोरासमोर आले तर काय होईल? बहुतेक वेळा काहीच नाही; ग्रेट व्हाइटला चरबीदार सील हवा असतो आणि केंडावर वेळ घालवण्यात त्याला लाभ नाही. टायगर शार्क मात्र मिळेल ते खातो. त्याच्या पोटात केंड आणि पॉर्क्युपाइन फिश दोन्ही सापडले आहेत. यावरून ‘शार्कवर या विषाचा परिणाम होत नाही’ असे वाक्य सर्वत्र फिरते. ते वाक्य पुराव्यापेक्षा फार पुढे जाते. पोटात केंड सापडला म्हणजे तो केंड विषारी होता असे नाही. जात, ऋतू, ठिकाण आणि एकेक मासा यांनुसार विषाचे प्रमाण शून्यापासून भयंकरपर्यंत बदलते. दुसरे कारण वजनाचे. 60 किलोच्या माणसाला 2 मिलिग्रॅम घातक धरले, तर त्याच प्रमाणात 500 किलोच्या प्राण्याला 16 मिलिग्रॅमहून अधिक लागेल. विणीवर आलेल्या काही माद्यांत इतके विष असू शकते, त्यामुळे वजन हे पूर्ण संरक्षण नव्हे, पण साधा वीतभर केंड मोठ्या टायगर शार्कला पचून जाणे अशक्य नाही. तिसरे म्हणजे शार्क नको असलेले अन्न उलटून टाकतो. काही शार्क तर जठर तोंडाबाहेर उलटे काढून धुऊन घेतात. चांगला पचवणारा आणि विष न बाधणारा, या दोन गोष्टी एक नाहीत.

केंडापेक्षा पॉर्क्युपाइन फिश शार्कसाठी जास्त कटकटीचा. त्याने घशात काटे उभारले तर आत जात नाही आणि बाहेरही येत नाही. शार्कच्या पोटात हा मासा जिवंत, फुगलेला सापडतो आणि कधी पोट कुरतडून बाहेर पडतो, अशी हकिगत चार्ल्स डार्विनने डॉ. ॲलन यांच्या तोंडून ऐकून नोंदवली होती. नोंद जुनी आहे, पण ऐकीव आहे, आणि ती केंडाची नसून पॉर्क्युपाइन फिशची आहे.

आता माणसापुरते बोलू. शार्कने विनाकारण चावण्याच्या घटना जगभरात वर्षाला साधारण 60 ते 70 असतात, त्यांत मृत्यू सरासरी पाच-सहा. उलट दिशेने पाहिले तर माणूस वर्षाला कोट्यवधी शार्क मारतो, आणि ग्रेट व्हाइटच्या माद्या प्रजननक्षम व्हायला तीसेक वर्षे लागतात. केंडाच्या विषबाधेत पीडितांना माशाची ओळख नसते किंवा ती असूनही धोका पत्करलेला असतो. सप्टेंबर 1774 मध्ये इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक आणि त्याच्या दोन सोबत्यांनी न्यू कॅलेडोनियात यकृत आणि अंडी नुसती चाखली. पहाटे जाग आली तेव्हा हातपाय बधिर होते. पाण्याने भरलेले भांडे आणि पीस यांचे वजन हाताला सारखेच लागत होते, असे त्याने लिहिले. आतडी खाल्लेले जहाजावरचे डुक्कर सकाळी मेलेले होते. लक्षणांचे इतके नेमके वर्णन क्वचितच वाचायला मिळते.

‘विषारी केंड, निर्विष शार्क’ अशी विभागणीही पक्की नाही. 1993 मध्ये मादागास्करच्या मनाकारा गावात एकाच बुल शार्कचे मांस खाऊन मोठी विषबाधा झाली आणि बरेच जण दगावले. ग्रीनलंड शार्कचे ताजे मांस विषारी असते, आणि मोठ्या शिकारी शार्कच्या मांसात पारा साठलेला असतोच.

शार्क चावला तर पहिली पाच मिनिटे रक्त थांबवण्याची. माणसाला पाण्याबाहेर काढताच जखमेवर दोन्ही हातांनी थेट, जोरात दाब द्यावा. हातापायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, सांधा टाळून, रुंद पट्टा आवळावा. बांधल्याची वेळ लिहून ठेवावी आणि दवाखान्यापर्यंत सैल करू नये. अरुंद दोरी किंवा तार वापरली तर रक्त थांबत नाही आणि मांस कापले जाते. अंगावरचा पोहण्याचा पोशाख ओढून काढू नये, तो जखम दाबून धरतो. आडवे ठेवावे, पांघरूण घालावे, तोंडाने काही देऊ नये. जखम लहान दिसली तरी समुद्री जिवाणू आणि धनुर्वात यांसाठी उपचार लागतातच.

केंडाच्या विषबाधेत घाई वेगळ्या गोष्टीची असते. खाल्ल्यानंतर दहा मिनिटांपासून काही तासांत ओठ आणि जीभ यांना मुंग्या येतात, मग चेहरा व बोटे बधिर होतात, उलट्या, चालताना तोल जाणे, बोलणे जड होणे, आणि शेवटी श्वास उथळ होतो. मुंग्या हे पहिले लक्षण दिसताच दवाखान्याकडे निघावे. ‘बघू थोडा वेळ’ यातच माणसे जातात. गिळता येत नसलेल्याला उलटी करवू नये, ती फुप्फुसात जाते. उरलेला मासा सोबत न्यावा. उतारा नाही. तासाभराच्या आत पोचले तर डॉक्टर सक्रिय कोळसा देतात, पण खरा उपचार म्हणजे कृत्रिम श्वास. वाटेत श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहावे, मदत येईपर्यंत, दमछाक झाली तरी. बाहुल्या विस्फारलेल्या आणि शरीर निश्चल असले तरी तो मेला असे ठरवू नये. विष मेंदूत फारसे शिरत नाही. रुग्ण बऱ्याचदा शुद्धीवर असतो आणि आजूबाजूचे बोलणे ऐकत असतो. त्याच्याशी बोलत राहावे, काय करतो आहोत ते सांगावे. विष लघवीवाटे निघून जाते. पहिले 24 तास श्वास चालू ठेवता आला तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात, आणि बोटांतली जाणीव एकेक करून परत येते.